बारा ते आठच्या सह्या

छत्रपती संभाजीनगर
१६ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास,
आक्काचा सप्रेम जयभीम. रूपाला आशीर्वाद.

फोन केला की तू तिसऱ्या रिंगला कट करतोस, म्हणून शेवटी पेन घेतलं. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, मला माहीत आहे. मेघाच्या दहावीच्या निकालाचा कागद तू अजून ट्रंकेत ठेवलायस. माझं अक्षर लागतंय का बघ. एकोणतीस वर्षं पोलीस ठाण्यात लिहून लिहून त्याचं पार मातेरं झालंय.

परवा नामविस्तार दिनाचा बंदोबस्त होता. सकाळी सहापासून विद्यापीठ गेटवर उभी होते. लोक लई आले होते. लासूर स्टेशनच्या दोन बाया भेटल्या, तुझ्या मोंढ्यातल्या कुण्या हमालाच्या घरच्या. म्हणाल्या, संघपाल मापाडी सध्या कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं, माझ्याशी पण नाही. हसल्या बिचाऱ्या. रूपाचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं खाली बसून भाकरी थापू नको, एक ओटा करून घे. तुरीची आवक सुरू झाली असेल, तुला जेवायलाही फुरसत नसेल.

आता मेघाचं. ती ठीक आहे. हे आधी लिहिते, कारण तुला तेवढंच पाहिजे. जेवते, झोपते, माझ्याबरोबर टीव्ही बघते. निलंबन म्हणजे काही जेल नाही. सकाळ-संध्याकाळ मुख्यालयात जाऊन हजेरी द्यायची आणि न विचारता शहर सोडायचं नाही, बस. म्हणून ती तिकडं येत नाही. तू बोलावतोस आणि ती टाळते असं मनात आणू नको.

झालं काय ते तू पेपरात वाचलं असशील, पण पेपरवाले अर्धं लिहितात. एकतीस डिसेंबरला आमचे मोठे साहेब रिटायर झाले. संध्याकाळी पाचला त्यांचा निरोप समारंभ होता. त्यात थर्टी फर्स्टचा बंदोबस्त, सगळी माणसं रस्त्यावर, ठाण्यात कुणी नाही. कोठडीत एकच आरोपी होता, बन्सी नावाचा. शहागंजात हातगाडीवर प्लॅस्टिकच्या बादल्या, मग, सूप असलं विकतो. गाडी कुठं लावायची यावरून एका दुकानदाराशी वाजलं, यानं बादली फेकून मारली, दुकानदाराच्या भुवईला टाके पडले. एवढाच गुन्हा. कोठडीच्या पहाऱ्यावर बारा ते आठ मेघा होती.

पहाऱ्यावरच्या माणसानं दर तासाला कोठडीत स्वतः बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, 'समक्ष पाहिले, आरोपी सुस्थितीत', आणि खाली सही. बन्सीला साखरेचा आजार. दुपारी तीनच्या पुढं कधीतरी तो चक्कर येऊन पडला, डोकं फरशीवर आपटलं. चार वाजून दहा मिनिटांनी लक्षात आलं. घाटी दवाखान्यात नेलं. सहाला वरचे साहेब आले आणि त्यांनी रजिस्टर ताब्यात घेतलं, तर त्यात सातची आणि आठचीही सही होऊन बसलेली. माणूस साडेचारपासून घाटीत बेशुद्ध, आणि रजिस्टरात रात्री आठला सुस्थितीत. अकरा दिवस होता तो दवाखान्यात. वाचला, पण उजव्या हातात अजून जोर नाही. त्याच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी आयुक्तांकडं अर्ज केला आणि खात्याची चौकशी लागली.

आगाऊ सह्या केल्या पोरीनं, दुसरं काय. नऊ महिने ट्रेनिंगला घासून घेतात, कायदा शिकवतात, कवायत शिकवतात, आणि ही पोरं ठाण्यात आली की मोबाइल काढतात. मी त्या दिवशी ठाण्यातच होते, पण समारंभाची सगळी गडबड माझ्या अंगावर. मला बोलावलं, मी जबाब दिला. जे आहे ते सांगितलं.

तू म्हणशील, मी तर तिला डी.एड. कर म्हणत होतो, आक्कानंच तिला ग्राउंडवर पळवायला नेलं. म्हण. तुझा हक्क आहे. पण भरतीत तिचं नाव लागलं तेव्हा पेढ्याचा बॉक्स घेऊन अख्खा मोंढा कोण फिरलं होतं, ते पण आठव. तिला फार तर ताकीद मिळेल. मी आहे ना इथं.

हे एवढं लिहिताना चारदा उठले. दुधाचं पातेलं दोनदा घासलं. मेघा म्हणाली, आत्या, कुणाला लिहितेस एवढं? मी म्हटलं, ऑफिसचं आहे.

फोन उचलत जा.

तुझी,
आक्का


छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

चि. संघपाल,
जयभीम.

रूपानं पाठवलेली कारळाची चटणी पोचली. आणणाऱ्याला विचारलं, चिठ्ठी आहे का? तो म्हणाला, नाय, नुसता डबाच आहे. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो म्हणून त्यात गुळाच्या पोळ्या घालून दिल्यात. तू खाणार नसशील तर रूपाला खाऊ दे.

मेघा इथून गेली हे तुला कळलंच असेल. औरंगपुऱ्यात सोनिया म्हणून तिची ट्रेनिंगची मैत्रीण खोली करून राहते, तिच्याकडं. भांडण झालं नाही. झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मागच्या शनिवारी तिला दोषारोपपत्र मिळालं. जाडजूड असतं ते, सोबत सगळ्या साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती असतात. तिनं ओट्यापाशी उभ्या उभ्या सगळं वाचलं, घडी घातली, डब्याखाली ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. मी विचारलं, काय म्हणतेत? म्हणाली, काय म्हणणार, लोकांनी जे सांगितलं तेच आहे. सोमवारी तिनं बॅग भरली. जाताना माझी वर्दी इस्त्री करून खुर्चीवर टाकून गेली.

घर खायला उठतं. कपाटातले सगळे कप्पे काढून परत लावले, काही सापडायचं नव्हतं तरी. ठाण्यातून घरी येते आणि घरून ठाण्यात जाते, एका जागी दहा मिनिटं बूड टेकत नाही.

आणि मागच्या पत्रात मी तुला ताकिदीचं लिहिलं होतं ना, ते धरून बसू नको. आमच्या आस्थापनेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुरेखाबाई, ताकीद पक्क्या माणसाला. ही पोरगी अजून परिविक्षेवर आहे. तिला शिक्षा द्यायचीसुद्धा गरज नाही, नुसतं सेवेतून कमी केलं असा एक कागद निघतो. म्हणजे नोकरीच जाते, संघपाल. आणि एकदा असं गेलं की दुसऱ्या सरकारी नोकरीच्या फॉर्मवर ते लिहावं लागतं. 

आता हस. उपायुक्त साहेबांनी हुकूम काढला की झाल्या प्रकारानंतर सगळ्या नव्या अंमलदारांना कोठडी आणि नोंदी यावर एक दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. शिकवायला कोण? तर सहायक फौजदार सुरेखाबाई, कारण त्यांच्या सेवापुस्तकात एकोणतीस वर्षांत एक शिक्षा नाही. हुकूम माझ्याच हातानं आवक रजिस्टरला चढवला.

परवा झालं ते प्रशिक्षण. चाळीस पोरं-पोरी. मी चांगली शिकवते रे, खोटं कशाला बोलू. फळ्यावर कोठडी काढली, पहारेकरी कुठं उभा राहतो, तिथून किती दिसतं, किती दिसत नाही, सगळं समजावलं. आरोपीला नावानं हाक मारा, तो ओ देईपर्यंत सही करू नका. जेवण दिलं का, गोळ्या घेतल्या का, विचारा आणि लिहा. पोरं वहीत भराभर उतरवून घेत होती. तेवढ्यात सोनिया उठली. ती वर्गात आहे हे मी आधीच बघितलं होतं आणि तिच्या बाजूला बघायचं टाळत होते.

ती म्हणाली, "मॅडम, आगाऊ सही करायची नाही हे आम्हाला ट्रेनिंगलाच शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्न होता त्यावर. मग ठाण्यात आल्यावर ते विसरायला कोण लावतं?"

आवाज चढवून नाही, अगदी साधं विचारलं. चाळीस जणांची पेनं थांबली. मी म्हटलं, "प्रश्न शेवटी घेऊ." आणि शेवटी वेळ उरणार नाही एवढं मी बोलत राहिले. मग चहा आला. सोनियानं चहा घेतला नाही.

संघपाल, मी लावलं.

मला शहाण्णव साली एका हवालदारानं शिकवलं होतं. म्हणाले, पोरी, तासातासाला कोण उठतंय, बसल्या जागी पाळीच्या सगळ्या सह्या करून टाक, साहेब रजिस्टर बघतो, कोठडी बघत नाही. मी केलं. माझ्या हाताखाली किती जणी आल्या, त्यांनाही तेच सांगितलं. त्याला आम्ही चोरी समजतच नव्हतो, त्याला काम येणं म्हणतात आमच्यात. ज्याला येत नाही तो कच्चा.

त्या दिवशी बाराला मेघा पहाऱ्यावर आली तेव्हा मी म्हटलं, जेवायच्या आधी आठही सह्या करून टाक, नंतर साहेबांच्या कार्यक्रमात पळापळ होईल. ती म्हणाली, "आत्या, बघितल्याशिवाय सही करायची नाही असं ट्रेनिंगला सांगितलंय." मी म्हटलं, "ट्रेनिंगला दोराला लटकून भिंत पण चढायला लावतात. तू इथं किती भिंती चढलीस?" ती हसली. हसत हसत सह्या केल्या तिनं. मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि पाचवी सही जरा वाकडी आली तर म्हटलं, नीट कर, सारखी दिसली पाहिजे.

हे माझ्या जबाबात नाही. कुणी विचारलंच नाही मला.

तू आता काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. म्हण, पण लिहून म्हण. मेघाला हे मी तुला सांगितल्याचं बोलू नको.

तुझी,
आक्का


छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

संघपाल,
जयभीम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'आक्का, शिकवलं ते कळलं. आता काय करतीस ते कळव.' एवढंच. खाली नाव पण नाही. बरं केलंस. लांबलचक लिहिलं असतंस तर मी त्याच्या मागं लपले असते.

या पत्रात खुशाली नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं की कुणी विचारलं नाही. विचारलं होतं. आता सगळं लिहिते. मध्ये उठायचं नाही असं ठरवून बसलेय.

त्या दिवशी मी ठाणे अंमलदार होते. म्हणजे समोरचं टेबल माझं, डायरी माझी, कुणाला कुठं लावायचं ते मी ठरवायचं. मेघाला पहाऱ्यावर मीच लावलं. पावणेतीनला लक्षात आलं की साहेबांची शाल आणायची राहिली. नारळ होता, हार सांगितलेला होता, शालच नव्हती. मी मेघाला म्हटलं, औरंगपुऱ्यात जा, चांगली बघून आण, साहेबांना पिवळसर रंग आवडतो. ती म्हणाली, पहारा? मी म्हटलं, पहाऱ्याचं मी बघते, तू पळ. डायरीत तिच्या जाण्याची नोंद घेतली नाही. शालीसाठी पहारा उठवला असं कसं लिहिणार?

आणि मी बघितलं नाही. माझ्या टेबलापासून कोठडी पंधरा पावलं आहे. मी भिंतीवर सेवापूर्तीचं बॅनर लावून घेत होते. वर-खाली, वर-खाली, एक कोपरा सारखा लोंबत होता. दीड तास मी त्या बॅनरपाशी होते आणि त्या दीड तासात पंधरा पावलं चालले नाही.

दोन दिवसांनी चौकशी अधिकारी बाईंनी मला समोर बसवलं. तरुण आहेत, शांत बोलतात. विचारलं, पहाऱ्यावरची अंमलदार कुठं गेली होती? कॅमेऱ्यात ती गेटातून बाहेर जाताना दिसते. तुम्ही पाठवलं होतं का? मी म्हटलं, नाही. न विचारता गेली. कुठं गेली मला माहीत नाही. सह्यांचं विचारलं, तर म्हटलं, आम्ही असं कधी शिकवत नाही. लेखनिकानं लिहून घेतलं, मी वाचलं, सही केली. बाहेर येऊन मुख्यालयाच्या नळाला चूळ भरली.

का केलं असं विचारशील. भ्याले. दुसरं मोठं काही कारण नाही. तीन वर्षं राहिली होती माझी, निरोपाला शाल मिळेल, साहेब लोक दोन शब्द बोलतील, सेवापुस्तक कोरं आहे म्हणतील. मनाशी म्हटलं, पोर लहान आहे, ताकिदीवर सुटेल. पण सुटेल की नाही ते विचारायला मी एक महिना गेले नाही. गेले असते तर कळलं असतं, म्हणूनच गेले नाही.

मेघाला जो गठ्ठा मिळाला त्यात माझा जबाब होता. ओट्यापाशी उभं राहून तिनं तो वाचला. मग माझ्यासाठी चपात्या केल्या. त्याच्यावर तूप लावलं. संघपाल, मी त्या खाल्ल्या.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी बसवेना. शहागंजात गेले, वर्दी न घालता. बन्सी गाडीवर बसला होता, डाव्या हातानं बादल्या उतरवत होता. बायको द्वारकाबाई बाजूला. तिनं मला लगेच ओळखलं. मला वाटलं ती ओरडेल, गर्दी जमेल. ती म्हणाली, "बाई, मी एक वाजताच डबा घेऊन आले व्हते. यांनी सकाळी गोळी घेतलेली, पोटात काय नाय. तुमी म्हनल्या, साहेबाचा कारेक्रम हाय, चारला या. मी भायेर बाकड्यावर बसून ऱ्हायले. चारला तुमीच आत सोडलं, तवा हे पडलेले व्हते."

मला ते आठवतच नव्हतं. खरंच नव्हतं. कार्यक्रमाच्या गडबडीत कुणीतरी मध्ये आलं आणि मी हात हलवला, एवढंच आठवतं.

मग ती म्हणाली, "ती पोरगी बरी व्हती. जाताना मला बाटलीतलं पाणी देऊन गेली, म्हनली मावशी, मी आत्ता येते, मग तुमाला आत सोडते. तिला काहून घरी बसवलं वो?"

 बन्सीनं माझ्याकडं बघितलंही नाही, त्याचं गिऱ्हाईक आलं होतं.

तिथून सरळ चौकशी अधिकारी बाईंकडं गेले. सगळं सांगितलं, सह्या, शाल, डबा, पहिला जबाब खोटा आहे हे पण. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. मेघाचं उत्तर होतं, तिच्या अक्षरात. 'मी कोणासही न विचारता खाजगी कामासाठी गेले होते. परत येताना समारंभाकरिता शाल आणली. रजिस्टरातील सह्या मी माझ्या मनाने केल्या. मला कोणीही तसे सांगितलेले नाही.'

माझा जबाब वाचून झाल्यावर लिहिलंय तिनं हे. तारीख बघितली मी.

बाई म्हणाल्या, "सुरेखाबाई, मुलगी स्वतः कबूल करते. सुनावणी आठवड्यावर आलीय आणि आता आत्या येऊन म्हणते, मी पाठवलं. मी काय समजू? तुम्ही पहिल्यांदा तिच्याविरुद्ध बोललात तेव्हा मी लगेच विश्वास ठेवला. म्हटलं, सख्खी आत्या भाचीच्या विरुद्ध खोटं कशाला बोलेल?"

 शालीनं काही सिद्ध होत नाही, कॅमेऱ्यात आवाज नाही, डायरीत नोंद नाही, नोंद न घेणारी मीच. बाईंनी माझा दुसरा जबाब लिहून घेतला, फायलीला लावला. म्हणाल्या, तुमच्यावर कारवाई होईलच, दोन्हीपैकी कुठला जबाब खरा धरला तरी. द्वारकाबाईला पण बोलावते, पण तुम्ही पोरीला काय सांगितलं ते तिनं ऐकलेलं नाही. मुलीनं तोंड उघडलं नाही तर मला तिच्या कबुलीवरच जावं लागेल. गुरुवारी अकराला शेवटची सुनावणी आहे. तिनं तेव्हा खरं सांगितलं तर मी आगाऊ सह्यांपुरतं बघेन, आणि त्या कुणाच्या सांगण्यावरून केल्या ते पण बघेन. मग नोकरी वाचायला जागा आहे.

संध्याकाळी औरंगपुऱ्यात गेले. सोनियानं दार अर्धं उघडलं. म्हणाली, मॅडम, ती भेटणार नाही. मी दारातूनच मोठ्यानं सांगितलं, मेघा, मी जबाब बदलून आलेय, आता तू पण बदल.  ती आतूनच म्हणाली, "सोनिया, आत्याला म्हणावं बीपीची गोळी वेळेवर घेत जा." मी अर्धा तास जिन्यात उभी होते. नंतर दोनदा गेले, दोनदा परत आले.

तिला वाटतंय ती माझं फेडतेय. दहावीनंतर माझ्याकडं राहिली, मी डबे केले, पहाटे ग्राउंडवर नेलं, ताप आला तर रजा टाकल्या, ते सगळं. मी तिला असं कधी बोलून दाखवलं नाही, पण कुठंतरी मला ते आवडत होतं की तिला तसं वाटतं. आता तेच माझ्या गळ्याशी आलंय आणि जाणार तिची नोकरी. मला लाज वाटते, संघपाल. मोठी बहीण म्हणून नाही, पोलीस म्हणून नाही, नुसती लाज वाटते.

ती माझं ऐकणार नाही. जगात एकाच माणसाचं ऐकेल, आणि तो माणूस माझा फोन कट करतो.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. पोस्टानं ते गुरुवारच्या नंतर मिळेल. आज दुपारच्या गाडीनं मी स्वतः घेऊन येतेय. रूपाच्या हातात देईन आणि मागं फिरेन. तुझ्यासमोर उभं राहून हे बोलायची माझी छाती नाही. दोन-चार दिवसांत माझ्याही निलंबनाचा कागद निघेल, मग मला शहर सोडता येणार नाही, म्हणून आजच.

मी लासूर स्टेशनवर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून आहे, तिकीटखिडकीच्या पलीकडच्या बाकावर. वाचून झालं की चप्पल घाल आणि ये. मला काय बोलायचं, मारायचं ते गुरुवारनंतर, मी कुठं जात नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर दुसऱ्या डब्यात बस, पण याच गाडीनं ये. सोनियाच्या दारापर्यंत मी रस्ता दाखवते आणि जिन्यात थांबते, आत येत नाही.

तिला एवढंच सांग. बाप म्हणून सांग, आण घाल, रड, काय वाटेल ते कर. आत्याचं नाव घे म्हणावं.

जयभीम.

तुझ्या पोरीला पहाऱ्यावरून उठवणारी,
सुरेखा